सत्ताविसाव्या मजल्याचा आशीर्वाद

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

प्रिय संघू,

पोस्टाने पत्र आलेलं पाहून तुला वाटेल, सेलिना गेली आणि कुणीतरी कळवतंय. तसं नाही. डॅरिलने माझं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपला जोडून दिलंय, "मम्मा, तुला अक्षरं मोठी दिसतील" म्हणून. अक्षरं मला मोठी दिसतात आणि मजकूर त्याला. म्हणून कागद घेतला. शाळेत दर शनिवारी सिस्टर पत्रं लिहायला लावायच्या, आठवतं? तू मला आणि मी तुला, दोघी एकाच बाकावर बसून, "तू कशी आहेस?"

तर बातमी अशी की आम्ही घर घेतोय. मुलुंडला, सत्ताविसाव्या मजल्यावर. सध्या तिथे सत्ताविसावा मजला नाही. सातवा झालाय. उरलेले वीस डिसेंबर २०२८ पर्यंत येतील असं हर्षद म्हणाला. हर्षद म्हणजे तिथला सेल्स मॅनेजर. मला आईसाहेब म्हणतो. माझ्या पोटच्या मुलाने आजवर मला खुर्ची ओढून दिली नाही, याने दिली. वर कॉफी, तिच्या फेसावर पान काढलेलं.

मग सॅम्पल फ्लॅट दाखवला. संघू, काय सांगू! टेबलावर ताटं मांडलेली, फळं ठेवलेली (मेणाची, मी दाबून पाहिली), बाथरूममध्ये आपल्या वर्गाएवढा आरसा. डॅरिलचे डोळे लहानपणी नाताळला व्हायचे तसे झाले होते. अनुपमा मात्र खिडकीपाशी उभी राहून फोनमध्ये काहीतरी करत होती. सून आहे, तिच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, पण ही सगळी फर्माईश तिचीच असणार. माझा डॅरिल साधा आहे.

पैशांचंही जमलंय. माझी जाऊ बेटी भिंतीपलीकडेच राहते. डॅरिलचे पप्पा गेल्यावर गावठाणातल्या घराचा माझ्या नावावर झालेला अर्धा भाग, खालच्या खोल्या आणि वरची एक, ती पासष्ट लाखांना घेते. २८ फेब्रुवारीला नोंदणी. तो चेक डॅरिलला. बाकीचं बँक देईल. ताबा मिळेपर्यंत आम्ही तिघं मुलुंडलाच भाड्याने राहू. शेवटी सगळं त्याचंच आहे ना?

तू पस्तीस वर्षं बँकेत लोकांची घरकर्जं पाहिलीस, म्हणून विचारते: ठीक आहे ना? (हो म्हण.) नकाशाची प्रत सोबत जोडली आहे.

आणि तुझ्या जोगेश्वरीच्या फ्लॅटचं इंटिरिअर संपलं का? चार वर्षं झाली. संगमरवर इटलीहून चालत येतोय का गं?

तुझी,
सेली

*

भांडुप (पश्चिम)
१८ जानेवारी २०२५

प्रिय सेली,

हो.

तू "हो म्हण" लिहिलंस, म्हणून म्हटलं. आता खरं उत्तर.

नकाशा भिंग लावून पाहिला. छान आहे. फक्त त्यात तू सापडली नाहीस. पहिली बेडरूम डॅरिल-अनुपमाची. दुसरीवर 'किड्स' लिहिलंय. मूल अजून झालेलं नाही, पण त्याच्या खोलीची सोय झालेली आहे, त्याचं अभिनंदन. मग एक चौकट आहे, सहा बाय साडेचार, तिच्यावर 'फ्लेक्सी' असं लिहून वॉशिंग मशीनचं चित्र काढलंय. बासष्ट वर्षांची बाई कुठेच नाही. कदाचित मेणाच्या फळांशेजारी ठेवणार असतील.

पुन्हा गेलीस तर पर्समध्ये टेप ने. सॅम्पल फ्लॅटला दारं का नसतात याचा विचार कर. दार उघडायला जागा लागते. पलंगावर आडवी हो आणि पाय कुठे जातात ते पाहा. तिथले पलंग आखूड करवून घेतात, म्हणजे खोली लांब दिसते. आईसाहेब म्हणणाऱ्या माणसाला इमारतीचा नोंदणी क्रमांक विचार आणि तो बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या महारेराच्या साइटवर टाकून बघ. कॉफीवर पान आलं म्हणजे मंजुरी आली असं नव्हे.

आमच्याकडे कर्जाची फाइल आली की मी आधी हप्ता बघायची. तो हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेला की फाइल साहेबांकडे जायची, आणि साहेब ती न वाचता परत पाठवायचे. त्या दोघांचा हप्ता किती, पगार किती, कुणी सांगितलंय तुला? एकाची नोकरी गेली तर सहा महिने काढायला काही बाजूला आहे?

आणि तू. घरासाठी बँका दारात रांग लावतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला आणि पुढच्या वीस वर्षांच्या दूध-भाजीला रांग लावलेली बँक माझ्या पाहण्यात नाही. तुझ्याकडे आहे ते एक घर. ते विकून तू ज्या मजल्यावर राहायला निघालीस, तिथे आज घारी फिरतायत.

माझ्या फ्लॅटचं काम चालू आहे. टाइल्स यायच्यात.

तुझी,
संघमित्रा

*

मरोळ
२७ जानेवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

पूर्ण नावाने सही केलीस, म्हणून मीही पूर्ण नावाने लिहिते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मैत्रिणीचं आहे, दुसऱ्यांदा कळलं की कर्ज नामंजूर झाल्याचं आहे. नकाशात मी नाही म्हणतेस. नकाशात डॅरिलही लिहिलेला नाही, म्हणून काय तो रस्त्यावर झोपणार? मुलाच्या घरात आईला नकाशा लागत नाही. तुला मूल नाही, तुला हे कळायचं नाही.

तू सहा वर्षं सुबोधच्या घरी राहतेस. भाऊ चांगला, वहिनी चांगली, स्वतःचा फ्लॅट सजतोय. तुझं सगळं जागच्या जागी आहे. दुसऱ्याचं जमायला लागलं की तुला टेप आठवते.

एक मात्र कळवते. लेंटचे उपास सुरू व्हायच्या आत, २३ फेब्रुवारीला, रविवारी घराला आशीर्वाद द्यायचं ठरलंय. सत्ताविसावा मजला हजर नसल्यामुळे सॅम्पल फ्लॅटमध्ये. हर्षदने परवानगी दिली, फोटो काढू देण्याच्या अटीवर. फादर क्लेमेंट आधी तयार नव्हते. म्हणाले, "सेलिना, आशीर्वाद घराला देतात, देखाव्याला नाही." मी म्हटलं, "फादर, नाताळात गोठ्याच्या देखाव्याला देता की!" त्यावर त्यांनी डायरी उघडून तारीख लिहून घेतली.

यायचं असेल तर ये. चांगली साडी नेस, फोटो आहेत.

सेलिना

*

भांडुप
१२ फेब्रुवारी २०२५

सेली,

पंधरा दिवस राग जाण्याची वाट पाहिली. तुझा नव्हे, माझा. तो गेला, आणि खाली जे उरलं ते लिहिते. २८ तारखेच्या आत तुला कळायला हवं, नाहीतर लिहिलं नसतं.

माझ्या फ्लॅटचं इंटिरिअर चालू नाही. इंटिरिअर व्हायला आधी आत असावं लागतं. एकोणीस मजल्यांची इमारत अकराव्यावर थांबली, २०२१ साली. माझा फ्लॅट चौदाव्यावर. मागच्या वर्षी पाहून आले. गच्चीसारख्या दिसणाऱ्या त्या अकराव्या मजल्यावर पिंपळ उगवलाय. बौद्ध माणसाला पिंपळाचं कौतुक असायला हवं, पण मला तेव्हा काही केल्या शांत बसता आलं नाही.

तू विचारशील, तू, लोकांच्या फायली परत पाठवणारी बाई? तर ऐक. त्या बिल्डरचा भागीदार आमच्या बँकेचा जुना खातेदार. मला "मॅडमताई" म्हणायचा. (तुला आईसाहेब, मला मॅडमताई. यांच्याकडे नात्यांचा छापील तक्ता असावा.) सगळी रक्कम एकदम भरली तर बँकेच्या माणसांना दहा टक्के सवलत, म्हणाला. पस्तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं, बांधकामाची परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे? स्वतःच्या वेळी विचारलं नाही. विचारलं तर त्याला अपमान वाटेल असं वाटलं. परवानगी अकराव्यापर्यंतच होती. वेळेआधी निवृत्ती घेऊन मिळालेली ग्रॅच्युइटी, फंड, आईच्या पाटल्या, सगळं चौदाव्या मजल्यावर आहे. आता केस चालू आहे. तारखा मिळतात, त्या मात्र वेळेवर.

सुबोध चांगला आहे. जया वहिनी चांगली आहे. त्यांची दर्शना बारावीला आहे, तिला खोली लागते. मी हॉलमध्ये झोपते. सगळ्यांची मालिका संपली की माझी खोली सुरू होते, आणि सकाळी पहिला माणूस दूध घ्यायला उठला की संपते. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला आजारी पडायची सोय नसते, कारण पाहुणे येतात. कुणी मला एक शब्द बोलत नाही. मीच अंथरूण इतकं भराभर गुंडाळते की रात्री तिथे कोणी होतं हे कळू नये. सहा वर्षांत या कलेत मी पारंगत झाले आहे. तुला शिकवायची माझी इच्छा नाही.

मूल नाही, म्हणून कळत नाही, असं तू लिहिलंस. नकाशात नसणं म्हणजे काय ते मात्र चांगलं कळतं.

२३ला मी येणार नाही. फोटोत माझं तोंड चांगलं येणार नाही.

संघू

*

मरोळ
२४ फेब्रुवारी २०२५

संघू, माझी संघू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते उघडलं नाही. रागाने शिवणाच्या डब्यात टाकलं. काल आशीर्वादाहून घरी आले आणि मग उघडलं. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी रडत बसेन आणि कागद वाया जाईल.

आम्ही पोचलो तेव्हा हर्षदने दाराला, म्हणजे जिथे दार हवं होतं तिथे, झेंडूचं तोरण लावलं होतं. फोटोग्राफर हजर. बेटीने येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणली होती, आणि पर्समध्ये खिळा आणि हातोडी. तुला बेटी माहीत आहे, विचारायची पद्धत नाही. हर्षद "मॅडम, भिंतीला हात नका लावू!" म्हणेपर्यंत तिने ठोकला. एका घावात खिळा आरपार. भिंत प्लायवूडची. पलीकडच्या सॅम्पल स्वयंपाकघरात एक गुजराती कुटुंब ओटा बघत होतं, त्यांच्या पुढ्यात तो बाहेर आला. बेटी मोठ्याने म्हणाली, "असली भिंत तर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला पन नाय." हर्षदने फोटोग्राफरला थांब म्हणून खूण केली.

फादर क्लेमेंटची रीत अशी की ते नुसतं दारात पाणी शिंपडून जात नाहीत. प्रत्येक खोलीत जातात, ती ज्याची आहे त्याचं नाव घेतात, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मरोळच्या घरात असंच केलं होतं, माझं लग्न झालं तेव्हा. तर पहिल्या बेडरूममध्ये डॅरिल आणि अनुपमासाठी झाली. दुसऱ्या खोलीत येणाऱ्या लेकरांसाठी. मग फादर पुस्तकात बोट ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सेलिना, तुझी खोली कुठली गो?"

डॅरिल छताकडे बघायला लागला. हर्षदच म्हणाला, "आईसाहेबांसाठी फ्लेक्सी आहे ना!"

फादर सहा फूट उंच. आत गेले, पाणी शिंपडायला हात वर केला, तर कोपर भिंतीवर आपटलं. तिथूनच विचारतात, "सेलिना काय उभी झोपनार?" डॅरिल म्हणाला, "मम्मा हॉलमध्ये... सोफा-कम-बेड घेऊ, फादर." आणि मी, तुझी मूर्ख सेली, हसून म्हणणार होते की मला चालेल. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बेटी म्हणाली, "पस्तीस वर्सं माझ्या भिंतीपलीकडं घोरते ती. तिला हॉलात निजवनार तू?" जिला घर विकायचं, तीच भांडायला उभी!

मग अनुपमा बोलली. फोन पुढे केला. पहिल्या दिवशी खिडकीपाशी ती काय करत होती माहीत आहे? हप्ता काढत होती. "एक लाख एकोणीस हजार, डॅरिल. आपल्या दोघांच्या हातात येतात एक पंचाहत्तर. वर ताबा मिळेपर्यंत भाडं. आणि मला बाळ हवंय. ते झाल्यावर वर्षभर माझा पगार कोण देणार, हर्षद?" मी म्हटलं, अगं, मग आधी का नाही बोललीस? तर म्हणते, "मम्मी, तुम्ही इतक्या खुशीत होतात. मला वाटलं तुम्हालाच हवंय."

संघू, मला वाटलं तिला हवंय. तिला वाटलं मला हवंय. आणि डॅरिल त्या आखूड पलंगाच्या कडेवर बसून (आखूडच होता, तू म्हणालीस तसा) म्हणाला, "मम्मा, ऑफिसात सगळे टॉवरमध्ये राहतात. मला विचारतात, अजून गावठाणात?" चौतीस वर्षांचा मुलगा. मला एकदम त्याचा पहिलीचा गणवेश आठवला, दुसऱ्याचा जुना घेतला होता आणि तो आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. चिडता आलं नाही.

फादरनी पुस्तक मिटलं. म्हणाले, उरलेलं पाणी वाया नको, आणि हर्षदच्या डोक्यावर शिंपडलं. त्याला गरज होती.

तर २८ची नोंदणी रद्द. बेटीला सांगितलं, तर ती म्हणते, "बरं झालं बाय, मला पन त्यासाठी कर्जच काढायचं होतं." म्हणजे सगळे मिळून कर्ज काढून एकमेकांना खूश करणार होतो. डॅरिल आणि अनुपमा आता चारकोपला एक बेडरूमचं जुनं घर बघतायत. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण मजला आहे. हर्षद बुकिंगला घेतलेलं दोन लाखांचं टोकन परत देत नाही म्हणतो. आता मला आईसाहेब म्हणत नाही, "मॅम" म्हणतो.

घरी येऊन डबा उघडला. तुझं पत्र वाचलं. मी तुला लिहिलेलं ते एक वाक्य खोडता आलं असतं तर तुझ्याकडून पत्र परत मागून घेतलं असतं. क्षमा मागत नाही. तू म्हणशील, कागदपत्रं जोड.

आज सकाळी वरच्या खोलीत गेले. बारा बाय चौदा, टेपने मोजली. बाहेरून वेगळा जिना आहे, खाली मोरीला नवा नळ बसवलाय. तुझ्यासारखी मला पेन्शन नाही, दरमहा काही आलं तर हवंय. भाडं बारा हजार. दया म्हणून बोलावत नाही, तेवढी माझी ऐपत नाही. दार आहे. ते पूर्ण उघडतं.

उत्तर लवकर दे. (हो म्हण.)

सेली

*

भांडुप
१ मार्च २०२५

प्रिय सेली,

तुझा प्रस्ताव मिळाला. अर्जात खूप त्रुटी आहेत.

आधी तुझं. घर तुझ्या एकटीच्या नावावरच ठेव, कुणी कितीही प्रेमाने सही मागितली तरी. मृत्युपत्र कर, म्हणजे डॅरिलला पुढे काय मिळणार ते त्यालाही कळेल आणि तुझं तुला मिळत राहील. मुलांना म्हणावं, चारकोपच्या घराचे कागद मला दाखवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. या वेळी मी चष्मा लावून बघेन. टोकनचा अर्ज मी लिहून देते. हर्षदला म्हणावं, मॅम शिकलेली आहे. अनुपमाला माझ्याकडे पाठव, ती माझ्या बँकेत असती तर मी निश्चिंतपणे निवृत्त झाले असते.

आता खोलीचं. "ये गं, राहा" असं म्हणून कुणालाही घरात घ्यायचं नसतं, आणि शाळेतल्या मैत्रिणीला तर मुळीच नाही. रीतसर करार नोंदवून घे. तीन महिन्यांची अनामत घे. पोलिसांना कळवावं लागतं, ते कळव. त्या अर्जावरच्या फोटोत माझं तोंड आहे तसंच येईल. भाडं पाच तारखेला. चुकलं तर मैत्री मध्ये आणायची नाही, नोटीस द्यायची. बारा हजार कमी आहेत, मी चौकशी केली, तिथे साडेतेरा चालतात. फसवणूक करवून घेऊ नकोस. पण मालकीण घोरते असा जाहीर पुरावा उपलब्ध असल्यामुळे पाचशेची सूट मागते आहे. म्हणजे तेरा.

काल जेवताना सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, ताई, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही रे, मला फक्त दुपारी आडवं व्हायचंय. जया वहिनी उठून आत गेली आणि माझ्यासाठी नवीन चादरींचा जोड घेऊन आली. घडी न मोडलेला. कधीपासून घेऊन ठेवला होता कोण जाणे. मी त्या हॉलमध्ये बसून सहा वर्षांत पहिल्यांदा रडले, आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले.

करार सगळे अकरा महिन्यांचा करतात. मुदत संपली की मालकाला भाडेकरू काढता येतो, आणि हा हक्क तू सोडू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. तू हळवी आहेस, मी कटकटी आहे, महिन्याभरात तुला कळेल.

कायद्याने मात्र तो एकदम साठ महिन्यांपर्यंत करता येतो. मी फक्त माहिती देते आहे.

तुझी,
संघू